बेवारस बॅगेचा विहित पद्धतीने नाश

जंक्शन स्थानकाच्या सूचनाफलकावर त्या दिवशी दुपारी पुढील निवेदन झळकले: "प्रतीक्षालयात आढळलेली एक बेवारस व संशयास्पद चामडी बॅग सुरक्षा विभागाने तत्परतेने ताब्यात घेऊन, निर्जन स्थळी हलवून, विहित पद्धतीने नष्ट केली. बॅगेत आक्षेपार्ह काहीही आढळले नाही. प्रवाशांनी निश्चिंत असावे."

वाक्ये तीन. कार्यालयीन गद्यात इतक्या कमी जागेत इतके असत्य इतक्या शिस्तीत क्वचितच उभे राहिले असेल! बॅग म्हणे बेवारस. जी घडवण्यासाठी एका बाईने अकरा दिवस पाठीचा काटा ढिला केला, जिच्यासाठी दोन बायका त्याच क्षणी पलीकडच्या फलाटावर घामाघूम झाल्या होत्या, ती बेवारस! चामडी म्हणावी, तर तिच्यात चामड्याचा धागासुद्धा नव्हता. होते ते मैदा, लोणी, अंडी, कोको आणि दीड किलो साखर. निर्जन स्थळी चार माणसे आणि एक कुत्रा उपस्थित होता. एवढ्या उपस्थितीत कित्येक साहित्यसंस्थांच्या वार्षिक सभा पार पडतात आणि त्यांना कोणी निर्जन म्हणत नाही. 'तत्परतेने' हा एकच शब्द खरा, आणि तोही लिहिणाऱ्याच्या मनाविरुद्ध खरा. ती तत्परता कसली होती, हे समजायला मात्र मुळाशी जायला हवे.

मूळ होते एका घराच्या स्वयंपाकघरात. तिथल्या बाईला सगळे 'धाकटी' म्हणत. थोरली जाऊ वेगळी राहायला गेली त्याला बारा वर्षे लोटली होती, धाकटीचेही केस कानांपाशी पिकू लागले होते. पण नात्यातली विशेषणे वयाला दाद देत नाहीत. धाकटी घरच्या घरी केक सजवी आणि शिकायला मिळेल त्या गावी जाई. एका गावी तीन दिवस बसून ती साखरेच्या गुलाबाच्या पाकळ्या वळायला शिकली. दुसऱ्या गावी चॉकलेटला कापडासारख्या चुण्या पाडायला शिकली. पिशवीत लाटणे, चिमटे, बारीक सुऱ्या आणि सोळा ब्रश घेऊन ती बसमध्ये चढली, की कंडक्टर विचारी, "ताई, ऑपरेशनला निघालात का?"

चौथ्या गावी ती वस्तूंसारखे दिसणारे केक करायला शिकली आणि घराची शांती गेली.

"आज साबणाला फेसच येईना," नवरा ओल्या अंगाने न्हाणीघरातून ओरडला.

"तो ऑर्डरचा आहे! संध्याकाळी द्यायचाय!"

"अगं, मग न्हाणीघरात कशाला ठेवलास?"

"फोटो काढायला! साबण न्हाणीघरातच शोभतो ना!"

त्या दिवशी नवऱ्याच्या मागे मुंग्या दारापर्यंत गेल्या. पुढच्या आठवड्यात त्याने शहाणपणाने दुसरा साबण आधी चावून पाहिला. तो खरा होता. तेव्हापासून घरात कुठलीही वस्तू वापरण्यापूर्वी चमच्याने वाजवून पाहण्याची पद्धत पडली.

धाकटीचे सारे लक्ष मात्र एका दूरच्या शहरातल्या संस्थेकडे लागले होते. सहा महिन्यांचे शिक्षण, बाराच जागा. तिचा अर्ज दोनदा परत आला होता. तिसऱ्या खेपेस पत्र आले: एक जागा शिल्लक आहे. घरी केलेला आणि स्वतः प्रवास करून आणलेला एक केक अमुक तारखेस संध्याकाळी पाचच्या आत परीक्षकांसमोर ठेवावा. पुढील वर्षापासून चाळिशीवरील अर्ज घेतले जाणार नाहीत. धाकटी पुढच्या वर्षी चाळीस ओलांडणार होती. दार उघडे होते, पण ते लावून घ्यायला कोणीतरी कडीला हात घातला होता.

तिने सासूबाईंची बॅग करायचे ठरवले. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत ती तपकिरी चामड्याची बॅग त्यांच्याबरोबर हिंडली होती. कोपरे झिजलेले, एक बक्कल वाकडे, अंगावर एक लांबलचक ओरखडा. धाकटीने स्पंजचे थर रचून आकार कोरला, त्यावर साखरेचा फॉन्डंट चादरीसारखा लाटून पांघरला, सुईने टाका न् टाका उठवला, कोकोच्या पाण्याने झिजलेले कोपरे रंगवले आणि बक्कलांना खाण्याजोगी चंदेरी पूड चोपडली. तळाला बेताचा पुठ्ठा, तोही तपकिरी.

सासूबाईंनी तो केक सर्व बाजूंनी तपासला आणि म्हणाल्या, "तो ओरखडा तरी झाकायचास! परक्या लोकांत न्यायचीय."

"आई, ओरखड्यातच तर सगळी गंमत आहे! परीक्षकांचं सोडा, तुमच्या बॅगेलासुद्धा कळणार नाही खरी कोण ते!"

"मग खरीपण घेऊन जाऊ. दोघी शेजारी ठेवू आणि म्हणू, ओळखा!"

ही कल्पना दोघींना इतकी आवडली, की तिच्यातला धोका पाहायला घरात कोणी उरले नाही. नवरा तेव्हा चमच्याने रिमोट वाजवत होता.

गाडी जंक्शनला बदलायची होती. केक खोक्यात बंद, हवा दमट. वेटिंग रूममध्ये धाकटीने झाकण किलकिले केले. साखरेला घाम सुटला होता! ओलावा बसला की फॉन्डंट आधी चमकतो, मग चिकटतो आणि शेवटी हात टेकून घसरत खाली बसतो. फ्रीजमध्ये ठेवावा तर बाहेर काढल्यावर दुप्पट घामेजतो. उपाय एकच, कोरडा वारा. तिने केक बाहेर काढून बाकावर पंख्याखाली ठेवला.

"आई, पंख्याखालचा केक, भिंतीकडची बॅग. मी पुढच्या गाडीची चौकशी करून येते. कोणालाही हात लावू देऊ नका."

"मी पाचशे मुलांना सांभाळलंय, एक केक सांभाळता येणार नाही?"

पाचशे मुलांना हाक मारता येते आणि ती 'हजर' म्हणतात. केकची ती सोय नसते. पाचच मिनिटांत सफाईवाली बाई फरशी पुसायला आली.

"बाई, बाक ओढायचाय. सामान तेवढं त्या बाकावर घेऊ?"

"मूठ धरू नका हं! खालून उचला, लेकराला उचलतात तसं."

"दोन्ही?"

सासूबाईंना क्षणभर वाटले, फक्त एकच. पण कुठली, हे परक्या बाईला सांगणे म्हणजे परीक्षेआधी पेपर फोडणे! "दोन्ही," त्या गंभीरपणे म्हणाल्या. सफाईवालीने दोन्ही बॅगा एकामागून एक छातीशी धरून हलवल्या, फरशी पुसून झाल्यावर तशाच परत आणून ठेवल्या आणि जाताना म्हणाली, "सारख्याच जड आहेत हो." सासूबाईंना सुनेचा अभिमान वाटला. त्या अभिमानाच्या भरात पंख्याखाली आता कोण आले, हे पाहायचे राहून गेले.

धाकटी धापा टाकत परतली. "आई, चला! पलीकडचा फलाट, पूल चढून. बारा मिनिटं!"

पंख्याखालची बॅग तिने श्वास रोखून उचलली, खोक्यात उतरवली, कडांना चिकटपट्टी मारली. आता खोके चौघांनी पालखी न्यावी तसे सपाट न्यायचे होते आणि माणसे होती दोनच.

"आणि माझी बॅग?" सासूबाईंनी भिंतीकडे पाहिले.

"राहू दे तिथंच. आधी केक पोचवू, मग बॅगेला परत येऊ. दोन साड्या आणि टॉवेल कोण पळवणार?"

अशा रीतीने केकच्या रक्षणासाठी केक मागे सोडून दोघी निघाल्या. पुलाच्या पायऱ्यांवर सासूबाई "डावीकडे कलतंय!" म्हणत आणि धाकटी "आई, श्वास सोडा!" म्हणत. एका गृहस्थाने टोपी काढून वाट दिली. त्याला काय वाटले असेल, ते न विचारलेलेच बरे.

गाडी चाळीस मिनिटे उशिरा येणार होती. सासूबाई बॅगेसाठी परत निघाल्या, तर धाकटीने त्यांचा पदर धरला.

"आई, वारा घाला. मी झाकण धरते, तुम्ही वर्तमानपत्राने वारा घाला. घाम वाढला तर संपलं सगळं!"

सासूबाईंनी वारा घातला. बावीस मिनिटे त्यांनी एका चामड्याच्या बॅगेला अव्याहत वारा घातला! एवढी सेवा त्या बॅगेला पंचवीस वर्षांत मिळाली नव्हती.

इतक्यात कर्णा खरखरला: "प्रतीक्षालयात एक बेवारस बॅग आढळली आहे. संबंधितांनी त्वरित सुरक्षा कक्षाशी संपर्क साधावा."

"अगंबाई, माझी बॅग!"

"असू दे, आई. तिथं तर ती जास्तच सुरक्षित. गाडी यायच्या आत घेऊन येऊ. जुनी बॅगच तर आहे!"

"जुनी? माझा चष्मा आहे तिच्यात!"

"चष्मा खाणार आहेत का ते?"

सासूबाई रुसल्या, पण वारा घालत राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी खोक्यात डोकावून बक्कलाला बोट लावले. बक्कल 'खट्' असे वाजले आणि उघडले. सासूबाईंनी आत हात घातला.

"अगं... तू आतूनसुद्धा केलंस?"

"काय केलं?"

"साड्या! हा टॉवेल! आणि हा बघ, माझा चष्मा! काडीला दोरा गुंडाळलाय तोसुद्धा! धाकटे, काय गं हात तुझा!" आणि डोळ्यांत पाणी आणून, ही काडी चॉकलेटची की साखरेची हे ठरवण्यासाठी, त्यांनी ती दाढेखाली धरली.

काडी मोडली नाही. सासूबाईंनी काडी तोंडातून काढली. चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांना सुनेचा चेहरा स्वच्छ दिसला. तो फॉन्डंटपेक्षा पांढरा होता.

"आई," धाकटी म्हणाली, "जुनी बॅग आपल्याजवळ आहे."

पूल चढताना जे ओझे दोघींना पेलवत नव्हते, ते परतताना धाकटीने एका हाताने मुठीला धरून नेले.

सुरक्षा कक्षात एक भरदार मिशांचे अधिकारी टेबलामागे बसले होते. पायाशी त्यांचे प्रशिक्षित श्वान आडवे पडले होते आणि त्याच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतरचे समाधान होते.

"आमची बॅग!" धाकटी टेबलावर वाकली. "वेटिंग रूममधली. तपकिरी."

अधिकाऱ्यांनी सावकाश फॉर्म पुढे ओढला. "बॅग कशाची? चामडं, कापड की प्लास्टिक?"

"स्पंज."

"'इतर' लिहितो. आत काय होतं?"

"बटरक्रीम."

"डब्यात?"

"थराथरांत."

"बाई, मी विचारतोय बॅगेच्या आत काय होतं!"

"साहेब, मी तेच सांगतेय! बॅगेच्या आत केक होता, बाहेर केक होता, मूठ केक होती! ती बॅग नव्हतीच!"

"बॅग नव्हती, तर बॅग हरवल्याची तक्रार कशाला करताय?" हा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या वर्गात टिकला असता. अधिकाऱ्यांनी फॉर्म मिटला. "ती नष्ट केली, विहित पद्धतीने. फलकावर लावलंय, वाचा. सुरक्षेच्या कारणास्तव जास्त सांगता येत नाही."

धाकटी खुर्चीत बसली. घड्याळात सव्वादोन झाले होते. अकरा दिवस, चार गावे, तीन अर्ज. आणि आता परीक्षकांसमोर ठेवायला तिच्याजवळ एक खरीखुरी बॅग होती, जी बघून कोणीही खरीखुरी बॅग आहे असेच म्हणाले असते.

सासूबाई मात्र एव्हाना टेबलाच्या कडेला गेल्या होत्या. नुकताच चढवलेला चष्मा त्यांनी नाकावर घट्ट केला. पाचशे मुलांतून आंबट-गोड खाल्लेला चेहरा हुडकणारी ती नजर होती.

"साहेब, तुमची मिशी चमकतेय."

"वय झालं, बाई. पिकणारच."

"फक्त डावीकडची?"

अधिकाऱ्यांचा हात मिशीकडे गेला आणि बोटांना चंदेरी पूड लागली. श्वानाने जांभई दिली. त्याचेही नाक चांदीचे होते.

"अहो, हे काय आहे?"

"तपासकार्यात... धूळ..."

"अरे, मान वर कर. माझ्याकडे बघ. दात दाखव!"

'साहेब'चे 'अहो' आणि 'अहो'चे 'अरे' व्हायला अर्धे मिनिटही लागले नाही. आणि बावीस वर्षे सेवेत असलेल्या त्या अधिकाऱ्याने, शासनाच्या गणवेशात, शासनाच्या खुर्चीतून उठून, दात दाखवले! त्यांवर कोकोचा थर होता. दाराशी उभ्या तीन शिपायांनी न सांगता ओठ आवळले.

"उरलंय का काही?" धाकटीने विचारले. तिच्या आवाजात आता राग नव्हता, शोध होता.

एका शिपायाने ड्रॉवर उघडला. कागदात गुंडाळलेले एक बक्कल निघाले. पकडीने चेपलेले.

धाकटी त्या बक्कलाकडे पाहत राहिली आणि हळूहळू तिच्या तोंडावर असे हसू पसरले, की श्वान उठून बसले.

"साहेब, पकड का लावली?"

"उघडत नव्हतं म्हणून. बॅग होती ना..." ते थांबले. "म्हणजे, तेव्हा होती."

"आई, ऐकलंत? पकड लावली! अधिकाऱ्यानं! हातात घेऊन, डोळ्यांपाशी धरून, पकड लावली!"

"ऐकलं. आणि हे लिहून पाहिजे," सासूबाईंनी कोरा कागद टेबलावर सरकवला. "समास सोड. अक्षर नीट काढ. खाडाखोड केलीस तर पुन्हा लिहायला लावीन."

"बाई, माझी नोकरी जाईल!"

"फलकावर खोटं लिहिताना नव्हती जात? कागद या पोरीला परीक्षकांसमोर ठेवायचाय, तुझ्या वरिष्ठांकडे न्यायचा नाही. मात्र खोटं लिहिलंस, तर तिथंही नेईन."

अधिकाऱ्यांनी लिहिले. दोनदा 'निर्जन' शब्दाशी अडखळले, दोन्ही वेळा सासूबाईंनी टेबलावर बोट वाजवले. सही झाली, तारीख पडली, कागद केकच्या रिकाम्या खोक्यात ठेवला गेला. गाडी फलाटावर उभी होती. या वेळी दोघींनी ते खोके इतके सपाट धरले, की जणू आत अकरा दिवसांची मेहनत असावी!

संस्थेच्या दारात त्या पोहोचल्या तेव्हा पाचला सात मिनिटे कमी होती. परीक्षकांच्या टेबलावर अकरा निवडलेल्यांचे जुने नमुने मांडले होते आणि बारावी जागा रिकामी होती. धाकटीने खोके ठेवले, झाकण उघडले आणि कागद व बक्कल बाहेर काढले.

"केक?" प्राचार्याबाईंनी विचारले. बारीक अंगकाठी, कोपरापर्यंत पीठ, आवाजात साखरेचा कण नाही.

"नष्ट झाला," धाकटी म्हणाली. "पण आधी वाचा."

प्राचार्याबाईंनी उभ्यानेच वाचायला घेतले. पहिल्या चार ओळींनंतर त्यांनी खुर्ची ओढली. मध्यावर त्यांनी बक्कल हातात घेतले, दिव्याखाली धरले, नखाने खरवडले, चाटले. नंतर कागद सोबतच्या परीक्षकांना वाचायला दिला आणि त्यातले एक गृहस्थ इतके हसले, की त्यांना खोलीबाहेर नेऊन पाणी पाजावे लागले.

"कोणालाही फसवता येईल असा केक करा, असं मी वीस वर्षं वर्गात सांगतेय," प्राचार्याबाई म्हणाल्या. "पण सरकारी सही-तारखेनिशी पुरावा आणणारी पहिलीच तुम्ही. जागा तुमची!"

सासूबाईंनी वर्तमानपत्राने स्वतःला वारा घातला. धाकटीने डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांनीच तिने पुढचे वाक्य ऐकले.

"सजावटीच्या वर्गात मात्र बसायचं नाही. पहिले तीन महिने केक भाजण्याच्या वर्गात बसा, नवशिक्यांबरोबर. स्पंजपासून सुरुवात."

"का?" धाकटीने डोळे उघडले. "बाई, मी पंधरा वर्षं केक भाजतेय! माझ्या भाजण्यात काय खोट आहे?"

प्राचार्याबाईंनी कागद तिच्याकडे फिरवला आणि शेवटच्या ओळीवर पिठाचे बोट ठेवले. धाकटीने तो कागद घाईत मिळवला होता, छातीशी धरून आणला होता, आणि शेवटपर्यंत वाचला मात्र नव्हता. तो असा:

"मी खाली सही करणार, कोणाच्याही दबावाखाली न येता (बाई शेजारी उभ्या आहेत) लिहून देतो की, आज प्रतीक्षालयातून उचललेली वस्तू बॅग आहे, असे मी बावीस वर्षांच्या अनुभवावरून ठरवले. बक्कलाला पकड लावली तेव्हा बक्कल पकडीत राहिले, तरी मला ती बॅगच वाटली. फक्त कंपनी हलकी असावी असे वाटले. श्वानाने कोपरा खाल्ला तेव्हा श्वानात बिघाड आहे असे वाटले. मूठ तुटून हातात आल्यावर हाताला वास आला, म्हणून खात्री करणे हे माझे कर्तव्य होते. ते मी केले. एका तुकड्यात खात्री होईना, म्हणून तीन सहकाऱ्यांना बोलावले. निर्जन स्थळ म्हणजे आमची चहाची खोली. बॅग म्हणून वस्तू निर्दोष होती, अशी बॅग मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. केक म्हणून विचाराल, तर आतून फार कोरडा होता. चहात बुडवून संपवावा लागला."